एका पेनीत काय काय यायचं?



जुनं नाणं हातात घेतलं की बघणारा हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "आज विकलं तर किती येतील?" आणि दुसरा, "त्या काळी यात काय यायचं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही नाणे-विक्रेत्याच्या यादीत मिळतं. दुसऱ्यासाठी मात्र बाजारात जावं लागतं, आणि तोही सातशे वर्षांपूर्वीच्या.

आज आपण तसंच जाणार आहोत. नाणं आहे मध्ययुगीन इंग्लंडची चांदीची पेनी. मुद्दाम इंग्लंड निवडलं, कारण तिथल्या जहागिरींचे आणि मठांचे हिशेब मोठ्या संख्येने टिकून आहेत. सुताराला किती दिवसांचे किती दिले, गहू काय भावाने विकला, कोंबड्या किती आल्या, हे सगळं चामड्याच्या गुंडाळ्यांवर लिहून ठेवलेलं आहे. त्यामुळे एखाद्या साध्या नाण्याला "तू काय काय विकत घेतलंस?" असं विचारता येतं आणि उत्तरही मिळतं.

आधी नाण्याची ओळख

माझ्याकडे पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातली एक पेनी आहे. या राजाने १२७९ साली जुनी नाणी मागे घेऊन नवी पाडायला सुरुवात केली. आकाराने ती आपल्या रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान आणि चांगलीच पातळ. एका बाजूला समोर पाहणारा, मुकुट घातलेला चेहरा. दुसऱ्या बाजूला कडेपर्यंत पोहोचलेला लांब क्रूस आणि त्याच्या चारही कोपऱ्यांत तीन-तीन ठिपके. भोवती लॅटिनमध्ये राजाचं नाव आणि टांकसाळीच्या शहराचं नाव. सन कुठेच नाही. जाणकार लोक अक्षरांच्या वळणावरून आणि मुकुटाच्या घडणीवरून काळ ठरवतात.

नवी असताना ही पेनी साधारण १.४४ ग्रॅम भरायची. म्हणजे आठ पेनी मिळून जवळजवळ एक तोळा. चांदीही चांगली, हजारात ९२५ भाग शुद्ध.

आता हिशेबाची रीत. १२ पेनी म्हणजे एक शिलिंग आणि २० शिलिंग म्हणजे एक पौंड. थोडक्यात, पौंडाला २४० पेनी. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना हे ऐकवा, ते लगेच म्हणतील, "अरे, आमचंही असंच होतं!" १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत आपल्याकडे १२ पै म्हणजे एक आणा आणि १६ आणे म्हणजे एक रुपया असंच चालायचं. बाराचा आकडा बाजाराला सोयीचा, कारण त्याचे दोन, तीन, चार, सहा असे सरळ भाग पडतात.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये शिलिंग किंवा पौंड नावाचं नाणंच नव्हतं. ते फक्त वहीत असायचे. हातात यायची ती पेनी. आणि पेनीपेक्षा स्वस्त वस्तू घ्यायची असेल तर? पेनी सरळ कात्रीने कापायचे. अर्धी केली की अर्धा पेनी, चौथाई केली की फार्दिंग. फार्दिंग या शब्दाचा अर्थच चौथा भाग, जशी आपली पावली. १२७९-८० मध्ये एडवर्डने गोल फार्दिंग आणि गोल अर्धा पेनी काढल्यावर ही कापाकापी मागे पडली. कापलेले ते तुकडे आजही संग्राहकांना मिळतात, आणि मुलांना दाखवायला त्यांच्याइतकी चांगली वस्तू नाही.

चला, बाजारात

साल १३१५. गादीवर पहिल्या एडवर्डचा मुलगा, दुसरा एडवर्ड. मांस आणि कोंबड्या महागल्याची तक्रार वाढली, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला पार्लमेंटमधून भाव बांधून देण्यात आले. ती यादी म्हणजे आपल्यासाठी आयती किंमतपट्टीच आहे.

जाडजूड कोंबडी: १ पेनी. लंडनमध्ये दीड पेनी.
अंडी: २४ नगांना १ पेनी. लंडनमध्ये २० नग.
जाड हंस: अडीच पेनी. लंडनमध्ये ३.
लोकर कातरलेली जाड मेंढी: १४ पेनी.

शहरात महाग आणि गावात स्वस्त हे तेव्हाही होतंच.

याच सुमाराला साध्या मजुराला दिवसाला दीड पेनीच्या आसपास मिळायचे, आणि हाताशी कसब असलेल्या सुताराला किंवा गवंड्याला तीन. गव्हाचा भाव साधारण वर्षात क्वार्टरला पाच-सहा शिलिंग. क्वार्टर हे तिथलं धान्याचं माप, आजच्या हिशेबाने सव्वादोनशे किलोच्या जवळ जाणारं. म्हणजे एका पेनीला ढोबळमानाने तीन किलो गहू.

आणि मिरी? मिरी तर आपल्याकडची, मलबारच्या किनाऱ्यावरून गेलेली. अरबी समुद्र ओलांडून, इजिप्तमधून, मग व्हेनिससारख्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या हातून ती लंडनला पोहोचायची. वाटेत प्रत्येक हात आपला नफा काढून घ्यायचा. त्यामुळे एका पौंड वजनाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, पुष्कळदा १२ पेनी किंवा त्याहूनही जास्त पडायचे. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला" ही आपली म्हण तिथे अक्षरशः लागू होती: एका पेनीची कोंबडी आणि बारा पेनीची मिरी!

मग एका पेनीचे आजचे रुपये किती?

हा प्रश्न सगळेच विचारतात. चला, मांडूनच बघू. भाव तुमच्या गावचे घाला, मी ढोबळ धरतो.

गव्हाने मोजलं, तर तीन किलो गहू, म्हणजे साधारण शंभर रुपये.
अंड्यांनी मोजलं, तर दोन डझन अंडी, म्हणजे दीडशेच्या पुढे.
मिरीने मोजलं, तर जेमतेम ३८ ग्रॅम, म्हणजे तीस-चाळीस रुपये.
मजुरीने मोजलं, तर दिवसाच्या मजुरीचा दोन तृतीयांश भाग. आज मजुराचा रोज ६०० रुपये धरला, तर ४०० रुपये.

बघा, पेनी एकच आणि उत्तरं चार. चाळीस रुपयांपासून चारशे रुपयांपर्यंत. यातलं खोटं कुठलंच नाही. म्हणूनच "एक पेनी म्हणजे आजचे इतके रुपये" असं कोणी ठासून सांगितलं, तर त्यांना हळूच विचारा, "कशाने मोजलंत?"

मला स्वतःला एकच माप पटतं, ते म्हणजे कामाचे दिवस. ही वस्तू मिळवण्यासाठी माणसाला किती दिवस राबावं लागायचं? या मापाने पाहिलं की चित्र एकदम स्वच्छ होतं. १३०० च्या आसपासचा मजूर दिवसभर राबून साडेचार किलो गहू घरी नेऊ शकायचा. आजचा ६०० रुपये रोजाचा मजूर सतरा किलो नेऊ शकतो. तेव्हाच्या मजुराला पौंडभर मिरी हवी असती, तर आठ दिवस काम करावं लागलं असतं, आणि तेही त्या आठ दिवसांत काहीही न खाता. आज एका दिवसाच्या मजुरीत तेवढी मिरी घेऊन वर पैसे उरतील.

चांदीचंही तेच. दीड ग्रॅमहून कमी चांदीसाठी तेव्हा दिवसाचा मोठा भाग खपावा लागायचा. आज सराफाकडे तेवढी चांदी घेतली, तर दिवसाच्या मजुरीतून पैसे शिल्लक राहतात.

तेव्हा जुने भाव ऐकून "काय स्वस्ताई होती!" असं म्हणण्याआधी थांबायला हवं. एका पेनीत कोंबडी येत होती हे खरं, पण ती पेनी मिळवायला सकाळपासून दुपारपर्यंत शेतात वाकावं लागत होतं. सोन्याची तर गोष्टच सोडा. १३४४ पासून आलेलं नोबल नावाचं सोन्याचं नाणं ८० पेनींचं होतं. दिवसाला तीन पेनी मिळवणाऱ्या कारागिराच्या जवळजवळ महिन्याच्या कमाईएवढं. गावातल्या बहुतेकांना ते कधी हातात धरायला मिळालं असण्याची शक्यता कमीच.

चांदी तीच, पोट मात्र रिकामं

आता १३१५ च्या त्या किंमतपट्टीचं पुढे काय झालं ते ऐका.

त्याच वर्षी पाऊस लागला तो थांबेचना. शेतं पाण्याखाली गेली, बी कुजलं, गवत वाळलं नाही म्हणून जनावरांना चारा उरला नाही. पुढच्या वर्षीही तेच. गव्हाचा भाव जवळजवळ तिप्पट झाला, काही ठिकाणी त्याहूनही वर गेला. इतिहासात या काळाला उत्तर युरोपचा महादुष्काळ म्हणतात. आणि कोंबड्या-अंड्यांचे बांधून दिलेले भाव? त्या भावाने कोणी माल बाजारात आणेचना. शेवटी १३१६ मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला.

आता माझ्या हातातल्या पेनीकडे पुन्हा बघा. १३१४ मध्ये आणि १३१६ मध्ये ती तीच होती. तेवढीच चांदी, तोच राजाचा चेहरा, तोच क्रूस. पण आधी तिच्यात तीन किलो गहू यायचा, तो आता एक किलोवर आला. मजुरी काही तिप्पट झाली नव्हती. नाणं खरं असणं वेगळं आणि त्यात पोट भरणं वेगळं.

मग तीसेक वर्षांनी उलटं घडलं. १३४८-४९ मध्ये प्लेगची साथ आली आणि इंग्लंडची निदान एक तृतीयांश, कदाचित निम्मी माणसं गेली. शेतं तेवढीच राहिली, राबणारे हात कमी झाले. जे वाचले ते म्हणू लागले, "जास्त द्याल तर येतो." जमीनदारांना ते सोसेना. १३४९ ला एक हुकूम आणि १३५१ ला कायदाच झाला, की साथीच्या आधी जी मजुरी होती तीच घ्यायची. गवत वाळवणाऱ्याला दिवसाला १ पेनी. मुख्य सुताराला ३, इतर सुतारांना २. जास्त मागणाऱ्याला शिक्षा. तरीही मजुरी वाढायची ती वाढलीच.

त्याच १३५१ साली पेनीचं वजनही कमी करण्यात आलं. आता ती १.१७ ग्रॅमच्या आसपास आली. नाव तेच आणि चांदी कमी.

पुढचा प्रसंग नाण्यांच्या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटतो. फ्रान्सशी चाललेल्या लढाईसाठी पैसा हवा होता, म्हणून १३७७ मध्ये १४ वर्षांवरील प्रत्येक माणसामागे एक ग्रोट कर लावला. ग्रोट म्हणजे चार पेनींचं चांदीचं नाणं. लोकांनी कुरकुरत भरला. १३८० मध्ये हाच कर माणशी तीन ग्रोट, म्हणजे १२ पेनी झाला. गावातल्या श्रीमंतांनी गरिबांना हातभार लावावा असं त्यात म्हटलं होतं. पण ज्या गावात श्रीमंतच नाही, तिथे कोण कोणाला लावणार?

आपल्या मापाने मोजा. नवरा, बायको आणि एक मोठा मुलगा: ३६ पेनी. रोज तीन पेनी धरला तर बारा दिवसांचं काम, फक्त करापोटी. पुस्तकात "बारा पेनी कर" असं वाचलं तर आपण पुढे सरकतो. "घरातल्या तिघांपायी बारा दिवसांची मजुरी" असं वाचलं तर थांबतो. १३८१ च्या जूनमध्ये केंट आणि एसेक्समधली माणसं लंडनवर का चालून गेली, याची सगळी नाही, पण बरीचशी उकल या तीन नाण्यांत आहे. वॉट टायलर हा त्यांचा पुढारी मारला गेला, उठाव मोडला गेला, पण तसा कर लावायची हिंमत पुढे लवकर कोणाला झाली नाही.

गोळा करायची असतील तर

हे वाचून एखादी पेनी घ्यावीशी वाटली, तर घाबरू नका. हा फक्त श्रीमंतांचा छंद नाही. तिसऱ्या एडवर्डने १३४४ मध्ये काढलेलं बिबट्याच्या चित्राचं सोन्याचं नाणं २००६ साली ४ लाख ६० हजार पौंडांना गेलं, हे खरं. पण पहिल्या एडवर्डची लंडनच्या टांकसाळीतली साधी पेनी भरपूर संख्येने टिकली आहे आणि ती काही हजार रुपयांत मिळू शकते. अर्धी कापलेली पेनी अनेकदा त्याहून कमी. फक्त काही गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट, वजन. दागिन्यांचा छोटा काटा घ्या, ज्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग दिसतो. माझी पेनी १.४४ ग्रॅम भरायला हवी होती, ती भरली १.१२. आधी मला वाटलं फसलो. मग भिंगातून पाहिलं, तर कडेची अक्षरं अर्धी गायब. कोणीतरी सातशे वर्षांपूर्वी कात्रीने कड छाटून चांदी काढून घेतली होती. अशी चार-पाच नाणी छाटली की एका पेनीची चांदी फुकट. लांब क्रूस कडेपर्यंत नेला होता तो याचसाठी, की छाटलेलं लगेच दिसावं. या गुन्ह्याला देहदंड होता. आणि त्याचा वापर कसा झाला तेही सांगायला हवं: १२७८-७९ मध्ये नाणी छाटल्याच्या आरोपावरून ज्यू समाजाच्या शेकडो लोकांना पकडून फाशी दिलं गेलं. आरोप ख्रिस्ती लोकांवरही होते, पण त्यांच्यातले पुष्कळ दंडावर सुटले. १२९० मध्ये तर साऱ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. छाटलेली पेनी हातात घेतली की हेही हातात येतं.

दुसरी गोष्ट, नाणं घासू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही नको. काळपटपणा हा त्याचा वयाचा दाखला आहे. चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत घटते आणि अक्षरंही झिजतात.

तिसरी, विकणारा बघा. खोटं निघालं तर परत घेईन, असं लेखी देणाऱ्याकडूनच घ्या. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यांची कड आणि पृष्ठभाग भिंगाखाली वेगळा दिसतो. बारीक बुडबुड्यांच्या खुणा असतील तर सावध व्हा. खरी पेनी दोन ठशांच्या मध्ये ठेवून हातोड्याने ठोकलेली असते, त्यामुळे ती पूर्ण गोल नसते आणि चित्र थोडं सरकलेलं असू शकतं. अगदी रेखीव, एकसारखी दोन नाणी दिसली तर शंका घ्या.

चौथी, कागदपत्रं. पावती जपून ठेवा. आपल्या देशात शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या लेकीला किंवा नातवाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल, तर आधी चौकशी करा.

आणि काहीच विकत घ्यायचं नसेल तरी हरकत नाही. इंग्लंडमध्ये शेतांत सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी एक योजना १९९७ पासून चालू आहे आणि तिची नोंदवही इंटरनेटवर सर्वांना फुकट पाहता येते. त्यात मध्ययुगीन पेनींचे हजारो फोटो आहेत. कोणाच्या तरी फाटक्या खिशातून नांगराच्या तासात पडलेल्या पेन्या त्या. ज्याची पडली, त्याने ती संध्याकाळभर शोधली असेल. दिवसाच्या मजुरीचा दोन तृतीयांश भाग होता तो.

या वेळचा घरचा अभ्यास

आता थोडं तुमच्याकडे. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, "तुमचा पहिला पगार किती होता?" उत्तर आलं की "किती स्वस्ताई होती!" म्हणून विषय संपवू नका. पुढे विचारा: त्या पगारात एका दिवसाचे किती पडायचे? त्या एका दिवसात किती किलो तांदूळ यायचा? सायकल घ्यायला किती दिवस काम करावं लागलं? आणि मग तेच हिशेब घरातल्या नव्या नोकरदाराच्या पगारावर करून बघा, तांदळासाठी, सायकलसाठी आणि घरभाड्यासाठीही. काही वस्तू स्वस्त झालेल्या दिसतील, काही महाग. कोणत्या, ते तुमच्या घरचं उत्तर तुम्हीच काढा आणि आम्हाला कळवा.

तोवर, आजोबांच्या डब्यातली जुनी नाणी काढाल तेव्हा घासू नका. फक्त बाजूला बसून विचारा, "याच्यात काय काय यायचं हो?"

भेटू पुढच्या वेळी.